पाणी लागलेला पट्टा

चामड्याला पाणी लावायचं नसतं, हे मला आता कुणी शिकवायला नको. बाविसाव्या वर्षी मी ते अशी शिकले, की जन्मात विसरले नाही. एक पट्टा मी माझ्या ह्या दोन हातांनी वाटोळा केला, आणि करताना वाटत होतं, शहाणपणाचं काम चाललंय आणि वर पुण्याचंही. कसलं पुण्य अन् कसलं काय!

गाव आमचं जळकोट, सोलापूर-हैदराबाद सडकेवरचं. घर शिंप्याचं. घरात मी, सासूबाई आणि आमचे हे, पण त्या वर्षी हे घरात नव्हते. संक्रांत झाल्यावर सोलापूरला दोरा आणि कापड आणायला गेले, ते तिकडंच अडकले. पल्याड सोलापुरात स्वराज्य आलं होतं, अल्याड अजून निजामाचा अंमल. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, आणि नाक्यावर आता कारकुनांच्या जागी बंदुका. माल येईना, माणूस येईना, चिठ्ठीसुद्धा येईना. सडकेवरून लॉरीचा आवाज आला, की बाया पोरांना आत ओढून दारं लावायच्या. लॉरीत कोण आहे हे बघायला कुणी थांबत नव्हतं.

घरात शिवणाची मशीन होती. पायडलाची, जुनीच घेतलेली, पण आवाज असा खणखणीत की चार घरं पलीकडं कळायचं, शिंप्याकडं काम चाललंय. ह्यांनीच मला ती चालवायला शिकवली होती. गावाला ते आवडलं नव्हतं. बाईमाणूस दिवसभर पाय हलवत बसतंय म्हणजे काय? पण चोळ्या माझ्याच हातच्या लागायच्या सगळ्यांना, तेव्हा मात्र पाय दिसत नव्हते कुणाला.

आता थोरल्या भावजींचं सांगते. ह्यांचे सख्खे मोठे भाऊ. अणदूरला त्यांचं शिवणाचं दुकान. मशीन दोघा भावांनी मिळून घेतली होती, त्यामुळं तिच्यावर त्यांचाही हक्क होता, हे मी नाकारत नाही. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडातोंडी बोलत नाही. बोलायचं ते सासूबाईंकडं बघून, त्या नसल्या तर खांबाकडं बघून, आणि सुरुवात ‘म्हणावं’नं करायची. मीही डोक्यावरचा पदर ओढून सासूबाईंनाच उत्तर द्यायची. आमच्या घरातल्या त्या खांबानं भावजींचं जेवढं ऐकून घेतलंय, तेवढं त्यांच्या बायकोनंही घेतलं नसेल.

शिमग्याच्या सुमाराला ते आले आणि खांबाला म्हणाले, “म्हणावं, दिवस वंगाळ हायती. धाकटा येस्तोवर दोघींनी माझ्याकडं येऊन ऱ्हावं. मशीन दुकानात लागंल.”

ऐकायला किती मायेचं! पण ते घर मला माहीत होतं. सहा लेकरं, दोन म्हशी, पहाटेचं जातं, आणि भाकरी वाढताना जाऊबाईंचा तो एक सुस्कारा. पोटाला मिळालं असतं, नाही असं नाही. पण एकदा मशीन त्या दुकानात गेली, की परत आली नसती, आणि मशीन नसलेली मी म्हणजे त्या घरातला आणखी एक हात. जळकोटचं हे दोन खणांचं घर चालत होतं ते त्या मशीनवर. हे परत आले तर कुणाच्या दारात येतील, हाही विचार होताच.

मी सासूबाईंना म्हटलं, “सांगा आत्याबाई, मोठ्या घरचं लग्नाचं शिवण घेतलंय. नवरीची झंपरं हायती, बायकांच्या चोळ्या, पोरांची अंगडी. तेवढं झाल्याबिगर मशीन हालायची न्हाय.”

गावातले दोन म्हातारे ओट्यावर बसले होते. त्यांच्यापुढं भावजींना फार ताणता येईना. ते उठता उठता म्हणाले, “बरं. चालतीया तोवर तिची. ज्या दिवशी बंद पडंल त्या दिवशी छकडा घेऊन येतो. मग कुणी आडवं यायचं न्हाय.” म्हाताऱ्यांनी मान डोलावली, सासूबाईंनी डोलावली, मीही पदराआडून डोलावली. शब्द झाला.

चैत्र सरता सरता, एका गुरुवारी भर दुपारी पट्टा तुटला.

ज्यांनी पायडलाची मशीन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली पायाशी एक मोठं चाक असतं, वर उजव्या हाताला एक लहान. दोन्हींवरून चामड्याचा एक गोल पट्टा फिरतो, टेबलाच्या दोन भोकांतून वर जाऊन खाली येतो. पायाचं बळ सुईपर्यंत नेणारा तेवढाच एक दुवा. तो तुटला की तुम्ही कितीही पाय मारा, सुई जागची हलत नाही. आमचा पट्टा आधी चार वेळा तुटला होता. तुटला की हे टोकं साफ कापायचे, भोकं पाडायचे आणि तारेची कडी घालून जोडायचे. दर जोडाला पट्टा दोन बोटं आखूड. ह्या पाचव्या वेळी मी ओढ ओढ ओढला, पण टोकाला टोक लागेना. नवा पट्टा सोलापुरात, आणि सोलापूर असं बारा-पंधरा कोसांवर असून काशीइतकं लांब झालेलं.

अंबाडीची दोरी वळून घातली. ती चाकावर नुसती घसरायची आणि तिचा भुसा सगळा नवरीच्या झंपरावर. मग जुन्या लुगड्याचा काठ फाडून पीळ दिला. तो जरा धरायचा, पण त्याची गाठ टेबलाच्या भोकाशी आली की ठक्कन अडायची, आणि टीप तिथंच वेडीवाकडी. एक बाही मी तीनदा उसवली. चौथ्यांदा उसवताना कापडच विरलं, तेव्हा कात्री भिंतीवर फेकून मारली. सासूबाईंनी उठून कात्री आणून परत माझ्यापुढं ठेवली.

मशीनचा खडखड आवाज थांबला की गावाला कळतं. शेजारीण मुद्दाम येऊन विचारून गेली, “आज निवांत का गं?” बातमी रातोरात अणदूरला गेली, आणि शुक्रवारी सकाळी तिकडून येणाऱ्या गाडीवानाकडून भावजींचा निरोप आला : सोमवारी छकडा घेऊन येतो, सामान बांधून ठेवा.

सामान! म्हणजे आम्ही दोघीही त्यात आलो.

मग मी ओढ्याकडं गेले. ओढ्याच्या पल्याड कातडं कमावणाऱ्यांची आळी होती. विहिरीचं पाणी उपसायच्या गावच्या सगळ्या कातडी मोटा तिथं शिवल्या जायच्या. तिथली एक बाई वादी, म्हणजे कातड्याची लांब पट्टी, कापण्यात एक नंबर. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत, तोही तिकडंच अडकलेला, त्यामुळं त्याचं कामही तीच ओढत होती. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी. मी तिला ‘अगं’ म्हणायची आणि ती मला ‘अहो’. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटत नव्हतं, हे खरं ते सांगते.

तिच्या चोळ्या मीच शिवायची. त्या आळीच्या सगळ्याच बायकांच्या शिवायची. रीत अशी, की त्यांनी जुनी चोळी आणि नवं कापड ओट्याच्या पायरीवर ठेवायचं आणि मागं सरायचं. मी त्यावर पाणी शिंपडून आत घ्यायची. जुनीवर बेतून नवी कापायची. जुनीही अशीच कधीतरी अंदाजानं बेतलेली. मापाची फीत घरात खुंटीला टांगलेली असायची, पण त्या आळीतल्या बाईच्या अंगाला ती कधी लागली नव्हती. काखेत काचतंय, हाताला आवळतंय, हे त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

दोन्ही चाकांवरून फिरवून घेतलेला दोरा मी ओढ्याच्या अल्याड उभी राहून तिच्याकडं टाकला. “एवढ्या लांबीची वादी पायजे. मशीनसाठी. सोमवारच्या आत झाली न्हाय तर माझं घर बसलं बघ.”

तिनं दोरा उचलला, बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, “उद्या सांजच्याला आणून देते.”

लगेच बसलीही कामाला. मी थोडा वेळ बघत राहिले. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा एक गोल तुकडा तिनं पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि रापीनं, म्हणजे त्यांच्या रुंद पात्याच्या सुरीनं, कडेकडेनं गोल गोल कापत गेली. एका तुकड्यातून एकच लांबलचक वादी, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. उजव्या हातानं ती अशी ओढायची, की सगळं अंग त्या बाजूला कलायचं. मला वाटलं, चला, सुटलो.

शनिवारी संध्याकाळी ऊन असतानाच ती आली. वादी पीळ देऊन गोल केलेली, करडईच्या तेलात मुरवलेली, बोटाला मऊ लागेल अशी. पायरीवर ठेवून ती मागं सरली आणि निघून गेली.

सासूबाई म्हणाल्या, “मशीन देव्हाऱ्याच्या शेजारी हाय. पाणी शिंपड आन घे.”

शिंपडलं असतं तर निभावलंही असतं. पण मी पडले अंगचीच शहाणी! चोळीवर शिंपडतो, ते कापड. हे कातडं, तेही मेल्या जनावराचं, नुसत्या शिंपडण्यानं कसं शुद्ध होईल? मी गाडग्यात पाणी घेतलं, त्यात गोमूत्र टाकलं आणि वादी त्यात बुडवली. एकदा बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. मनात म्हटलं, मोट दिवसभर पाण्यातच असते की, तिला काय होतंय? पाण्यावर तेलाचे तवंग आले तेही बघितले. घाण निघतीय असं वाटलं मला. घाण!

रविवारी सकाळी पट्टा चढवला. आदल्या दिवशी दोऱ्याबरहुकूम होता तो आता चार बोटं लांब. चाकावर नुसता लोंबत होता, ओला आणि बुळबुळीत. म्हटलं, वाळला की आटेल. उन्हात टाकला. ऊन पुरेना म्हणून चुलीच्या कडेला ठेवला. दुपारी हातात घेतला तर वेताची छडी! वाकवावा म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि कट्टकन आवाज झाला. बारीक चीर पडली, मग दुसरी, आणि माझ्या हातात तीन तुकडे राहिले.

मी कपाळावर हात मारून खालीच बसले.

सासूबाई म्हणाल्या, “देवाच्याच मनात न्हाय म्हणायचं का?”

“देवाला काय करायचंय? त्याला कुठं चोळ्या शिवायच्यात?” मी ओरडले. सासूबाईंवर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. त्या उठल्या आणि खरंच सामान बांधायला लागल्या. दोन पितळेची भांडी, ह्यांचा कोट. तो कोट घडी घालताना बघितला आणि मला राहवेना.

सोमवारी दिवस उगवायला मी ओढ्यावर. ह्या वेळी अल्याड थांबले नाही, ओढा ओलांडून तिच्या दारात गेले आणि तुकडे पुढं धरले. तिनं ते हातात घेतले, नाकाशी नेले. वासावरून तिला सगळं कळलं.

“पाणी दावलंस?” ती म्हणाली. ‘अहो’ गेलं, ‘दावलंस’ आलं. “माझ्या वादीला गोमूत्र दावलंस?”

मी म्हटलं, “मोट पाण्यातच असती की, म्हणून मला वाटलं...”

“मोट पाण्यात असती म्हणून मऊ ऱ्हाती. तीच मोट चार दिस कोरडी टाकून बघ, लाकूड हुतंय तिचं. समद्या गावाला ठाव हाय. तुला ठाव न्हाय? तुमी त्याच मोटंचं पाणी पिता की गं रोज!”

मी मान खाली घालून उभी राहिले. तिच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि सूर्य वर येत होता. अणदूरहून निघालेला छकडा आता कुठवर आला असेल, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. शेवटी म्हटलं, “आज थोरले भावजी मशीन न्यायला येणार हायती. मला आन म्हातारीला बी.”

ती मग आत जाऊन रापी, आरी आणि कातड्याचा एक गोल घेऊन आली. कापता कापता म्हणाली, “आता ही तुझ्या हातात देणार न्हाय म्या. दोऱ्याच्या मापावर बी न्हाय. चाकावर घालून, ताणून, सोता कापीन. पटत आसंल तर बोल.”

“घरात?”

“मग मशीन काय वढ्यात आणतीस?”

मी म्हटलं, “चल.”

“आन एक. मला पैसे नगंत. एक चोळी पायजे. माझ्या अंगाचं माप घिऊन. हातानं.”

मी ‘व्हय’ म्हटलं. त्या वेळी तिनं माझं एक बोट मागितलं असतं तरी मी व्हय म्हटलं असतं.

आम्ही दोघी गावातून चालत आलो, ती माझ्या मागं दहा हात. दारात सासूबाई बसल्या होत्या. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, तिच्या हातातल्या रापीकडं बघितलं. मग पदराचं टोक डोळ्यांना लावलं, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाली, “माझे डोळे आल्यात गं आज. मला काय बी दिसंना.”

ती बाई उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. मग आत आली.

मशीनच्या खाली बसून तिनं वादी खालच्या चाकावरून घेतली, भोकांतून वर घातली, वरच्या चाकावरून फिरवून पुन्हा खाली ओढली. अंगठ्याच्या नखानं खूण केली आणि खुणेच्या आत अर्धं बोट कापली. मी म्हटलं, “आखूड व्हईल गं!” ती म्हणाली, “नवी वादी ताणती. आत्ता घट्ट वाटंल, मग बसंल.” जुन्या पट्ट्याची तारेची कडी मी जपून ठेवली होती. ती तिनं एका टोकात घातली. दुसऱ्या टोकाला आरीनं भोक पाडायला घेतलं, तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या.

मी मशीनपुढं बसून घेतलं.

ओट्यावर जोडे काढल्याचा आवाज. भावजींचं खाकरणं. “म्हणावं, मशीन बंद हाय न्हवं? आवाज न्हाय येत. मंग शब्द ठरल्यापरमानं...”

सासूबाई बाहेर भिंतीकडं तोंड करूनच बसलेल्या. “माझे डोळे आल्यात बाबा. मला काय दिसत न्हाय.”

“ऐकू तर येतंय न्हवं?”

आत ती बाई तारेची कडी दातांनी दाबत होती. एकदा निसटली. मी नुसती बघत होते, देवाचं नाव घ्यायचंही सुचेना. दुसऱ्यांदा तिनं कडी वळवली, वर दगडानं हळूच ठोकली आणि म्हणाली, “मार पाय.”

मी पायडल दाबलं. हलेना. पट्टा इतका ताठ, की चाक जागचं उठेना. भावजींची सावली दारात पडली. “हाल की,” ती वरच्या चाकाला हात घालून पुटपुटली आणि तिनं ते आपल्याकडं जोरानं फिरवलं. पायाखाली पायडल उचललं गेलं. मी दाबलं, पुन्हा दाबलं, आणि खड् खड् खड् करत मशीन सुटली. समोर नवरीच्या झंपराची तीच उसवलेली बाही होती. मी टीप मारत गेले, मारत गेले, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी थांबले नाही. टीप सरळ पडत होती.

भावजी दारात उभे होते. पहिल्यांदा मशीनकडं बघितलं. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसलेल्या बाईकडं बघितलं, तिच्या हातातल्या रापीकडं, आणि मागच्या देव्हाऱ्याकडं.

“ही आत कशी?” ते म्हणाले. खांबाला नाही, भिंतीला नाही, कुणालाच नाही. “देवाजवळ? आता ह्या मशीनला म्या हात लावणार न्हाय. माझ्या दुकानात असली मशीन यायची न्हाय.”

मशीन राहिली! पण ते पुढं बोलले, “आत्ता लग्नघरी जाऊन सांगतो. हितं शिवल्यालं कापड कोण आंगाला लावतंय बघू.”

तेव्हा मी पाय थांबवला. पदर डोक्यावर होता तो राहू दिला, पण मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडं बघून बोलले. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, थेट त्यांच्याशी बोलणारा माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

“सांगा भावजी, जरूर सांगा. आन जाता जाता हेबी सांगा, की तुमच्या दुकानातल्या मशीनचा पट्टा काय तुळजापूरच्या गाभाऱ्यात वळून आलाय व्हय? सोलापूरच्या दुकानातून आला म्हंजी कातड्याची फुलं झाली का? आन ज्या मोटंचं पाणी पिऊन तुमी हितवर आलाव, ती मोट कुणी शिवली?”

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, “ऐकायला मातर समदं येतंय गं मला.”

ते गेले. छकडा रिकामाच गेला. घुंगरांचा आवाज लांब गेल्यावर ती बाई उठली, रापी कनवटीला लावली. ती माझ्याकडं बघत होती. मी खुंटीवरच्या फितीकडं बघत होते. दार सताड उघडं, समोरच्या ओट्यावर चार बाया जमलेल्या.

ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई माप. आजच्याला लई झालं.” ‘अहो’ परत आलं होतं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. एवढं मोठं तोंड करून दिराला बोललेली मी, ‘थांब, माप घेते’ एवढे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत.

संध्याकाळच्या आत लग्नघरच्या मालकीणबाईंचं बोलावणं आलं. त्या म्हणाल्या, “कानावर आलंय समदं. झंपरं झाली का?” मी म्हटलं, “दोन राह्यलीत.” “परवा हळद हाय आन तू हितं काय करतीस? शीव जा. कापडावर पाणी आमचं आमी शिंपडून घिऊ. कापडाला पाणी चालतंय.” लग्न तोंडावर आलं की विटाळसुद्धा दारात थांबतो. दोन दिवस मशीन चालली, पट्टा बसत गेला, जसा ती म्हणाली होती तसा. कपडे वेळेत गेले. भावजी पुन्हा मशीनचं नाव काढायला आले नाहीत.

लग्न पार पडल्यावर मी तिची चोळी शिवायला घेतली. चांगला खण घेतला, माझ्याच पेटीतला, लग्नातला. डोळ्यांसमोर ती आणून, अंदाज घेऊन कापली. बारीक टीप, दुहेरी शिवण, कुणा सावकारणीला शिवली नसती अशी. मनाला समजावलं, माप काय आणि अंदाज काय, माझी नजर पक्की आहे. ओढ्यापलीकडं पाठवून दिली.

चार दिवसांनी ती पायरीपाशी आली. चोळी घडी घालून पायरीवर ठेवली, नेहमीसारखी, आणि मागं सरली. चोळी उजव्या काखेत फाटली होती.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “बाई, वादी म्या चाकावर घालून मापली हुती.”

एवढंच म्हणाली आणि निघाली. ती ओट्याच्या कोपऱ्याशी पोचली असेल. मी खुंटीवरची फीत ओढली, ती खुंटीसकट हातात आली.

“थांबा,” मी म्हटलं. “आत या, अक्का.”

माझ्या तोंडून ‘या’ गेलं, ‘अक्का’ गेलं. सासूबाईंनी ऐकलं. त्यांचे डोळे त्या दिवशी आले नव्हते. त्या सरकल्या आणि वाट दिली.

मी तिला उजेडात, दारासमोरच उभी केली. “हात वर करा.” तिनं केले. पाठीवरून फीत फिरवली तेव्हा ती दचकली, आणि मीही. छाती घेतली, पाठ घेतली, खांदा घेतला. मग डावा दंड मापला आणि सवयीनं फीत गुंडाळायला लागले, कारण एका दंडाचं माप घेतलं की दुसऱ्याचं घ्यायची आमच्यात पद्धत नाही. ती तशीच हात वर करून उभी होती. मी परत फीत उलगडली आणि डाव्याच्याच आकड्यावर धरून उजव्या दंडाला लावली. पुरेना. कातडं ओढून ओढून तो हात डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड झाला होता.

आणि मी सहा वर्षं तिच्या दोन्ही बाह्या सारख्याच कापत आले होते.